शिरेतलं सोनं आलं कुठून? समस्थानिकांनी घेतलेला माग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. तोवर सव्वाशे वर्षांत तिथून सुमारे ८०० टन सोनं बाहेर आलं होतं आणि चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. हे सगळं सोनं गारेच्या म्हणजे क्वार्ट्झच्या शिरांमध्ये आणि त्यांच्या आजूबाजूच्या खडकांत होतं. ते तिथे कसं पोचलं, हा प्रश्न भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यांपासून दगड जमवणाऱ्या हौशी मंडळींपर्यंत सगळे विचारतात. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ती पुन्हापुन्हा येणार आहे: शिरेचा ‘उगम’ एक नसतो. पाण्याचा उगम वेगळा, गंधकाचा वेगळा, धातूचा वेगळा असू शकतो. ज्या मूलद्रव्याचं मोजमाप केलं, त्याच्यापुरतंच उत्तर मिळतं.

खनिज शीर म्हणजे नेमकं काय?

खडकाला तडा जातो, त्यातून गरम, क्षारयुक्त पाणी वाहतं आणि वाहता वाहता त्यात विरघळलेले पदार्थ भिंतींवर साचत जातात. तडा भरला की शीर तयार. पाण्याचं तापमान बहुधा २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं. खोलीवरच्या दाबामुळे ते उकळून जात नाही. कोलारसारख्या ठिकाणी सोनं या पाण्यात गंधकाशी जोडी करून विरघळलेलं असतं. भिंतीचा खडक लोहयुक्त असेल तर लोह ते गंधक ओढून घेतं, पायराइट किंवा पायऱ्होटाइट तयार होतं आणि जोडीदार गमावलेलं सोनं खाली बसतं. दाब अचानक उतरला तरी तेच होतं. म्हणून सोनं अनेकदा शिरेच्या मधोमध नसून कडेला, भिंतीला लागून सापडतं.

समस्थानिकांचा याच्याशी काय संबंध?

एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे समस्थानिक. ऑक्सिजनच्या अणूंपैकी सुमारे ९९.७६ टक्के ऑक्सिजन-१६ असतात, जेमतेम ०.२ टक्के ऑक्सिजन-१८. गंधकात ३२ वजनाचे ९५ टक्के, ३४ वजनाचे चार टक्क्यांच्या थोडे वर. रासायनिकदृष्ट्या हे भाऊभाऊ एकसारखेच वागतात, पण वजनातल्या फरकामुळे बाष्पीभवन, स्फटिकीभवन, जिवाणूंचं श्वसन अशा प्रत्येक क्रियेत हलक्या-जड अणूंचं प्रमाण किंचित बदलतं. म्हणून समुद्राचं पाणी, पावसाचं पाणी आणि शिलारसातून सुटलेलं पाणी यांच्यात फरक करता येतो.

दुसरा प्रकार किरणोत्सारी क्षयातून वाढत जाणाऱ्या समस्थानिकांचा. युरेनियमपासून शिसं, रुबिडियमपासून स्ट्रॉन्शियम, सॅमॅरियमपासून निओडिमियम. इथे वजनाचा खेळ नाही. ज्या खडकात तो धातू आधी होता, त्या खडकाचं वय आणि त्यातलं युरेनियम किंवा रुबिडियम किती, यावर प्रमाण ठरतं.

मग थेट सोन्याचेच समस्थानिक का मोजत नाहीत?

कारण मोजायला दुसरा समस्थानिकच नाही. निसर्गात सोन्याचा एकच स्थिर समस्थानिक आहे, सोनं-१९७. कोलारचं सोनं, दक्षिण आफ्रिकेतलं सोनं आणि तुमच्या घरातल्या मंगळसूत्रातलं सोनं, अणूच्या पातळीवर तंतोतंत सारखं. त्याच्यात तुलना करण्याजोगं प्रमाणच निघत नाही.

या एका गोष्टीने सगळी पद्धत ठरते. सोनं स्वतः बोलत नाही, म्हणून त्याच्या सोबत्यांना विचारावं लागतं: गारेतल्या ऑक्सिजनला, द्रवबिंदूंत अडकलेल्या पाण्यातल्या हायड्रोजनला, पायराइटमधल्या गंधकाला, कॅल्साइटमधल्या कार्बनला, गॅलेनातल्या शिशाला. यातला प्रत्येक जण स्वतःचा प्रवास सांगतो. सोनं त्याच्यासोबत पहिल्यापासून होतं की वाटेत येऊन मिळालं, हे तो सांगू शकत नाही. ते आपल्याला इतर पुराव्यांवरून ठरवावं लागतं. ‘समस्थानिकांनी सोन्याचा उगम सिद्ध केला’ असं वाक्य वाचलंत की थांबा आणि पाहा, मोजलं काय होतं.

मँगनीज, ॲल्युमिनियम, कोबाल्ट आणि आर्सेनिकही असेच एकेकटे आहेत. त्यांचाही माग सोबत्यांकडूनच काढावा लागतो.

‘प्रतिहजार’ आणि ‘डेल्टा’ हे आकडे काय सांगतात?

फरक इतके बारीक असतात की टक्क्यांत मावत नाहीत, म्हणून ते हजारात मोजतात. नमुन्यातलं प्रमाण एका ठरलेल्या मानकापेक्षा किती जास्त किंवा कमी, तो डेल्टा. ऑक्सिजन आणि हायड्रोजनसाठी मानक आहे सरासरी समुद्राचं पाणी. गंधकासाठी मूळ मानक ॲरिझोनात पडलेल्या कॅनयन डायब्लो या लोखंडी उल्केतलं ट्रॉइलाइट खनिज. डेल्टा +१० म्हणजे जड समस्थानिक मानकापेक्षा हजारात दहाने अधिक. ऋण आकडा म्हणजे नमुना मानकापेक्षा हलका. ऋण आकडा म्हणजे बिघाड किंवा चूक, हा गैरसमज विद्यार्थ्यांमध्ये फार दिसतो; तसं काही नसतं.

शिरेतलं पाणी कुठून आलं, हे कसं कळतं?

१९६१ मध्ये हार्मन क्रेग यांनी जगभरच्या नद्या, तळी आणि पावसाच्या पाण्याचे नमुने एकाच आलेखावर मांडले. ते जवळजवळ एका सरळ रेषेवर आले: ड्युटेरियमचा, म्हणजे जड हायड्रोजनचा, डेल्टा म्हणजे ऑक्सिजन-१८ च्या डेल्टाची आठपट अधिक दहा. ही पर्जन्यरेषा. शिलारसातलं पाणी या रेषेपासून दूर पडतं, त्याचा ऑक्सिजन साधारण +५.५ ते +९ च्या आसपास. खडक खोलवर तापून त्यांच्यातलं पाणी पिळून निघतं, त्या रूपांतरणाच्या पाण्याचा पल्ला आणखी रुंद.

पण शिरेत आज पाणी नसतं, गार असते. गारेचा डेल्टा मोजून त्यावरून पाण्याचा काढावा लागतो आणि मधे तापमान येतं. समजा, गारेचा ऑक्सिजन +१२ निघाला. ती ४०० अंशांना साचली असेल तर पाणी सुमारे +८, म्हणजे शिलारसाशी जुळणारं. ३०० अंशांना साचली असेल तर सुमारे +५. आणि २०० अंशांना, तर जवळजवळ शून्य, म्हणजे समुद्राचं किंवा खडकाशी बराच काळ मिसळलेलं पावसाचं पाणी म्हणता येईल. गार तीच, मोजमाप तेच, पण शंभर-दोनशे अंशांच्या फरकाने निष्कर्ष उलटा. तापमानाचा स्वतंत्र पुरावा न देता काढलेल्या उगमाच्या निष्कर्षावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

या पद्धतीने मोठी समजूत बदलली ती अमेरिकेतल्या नेवाडात. टोनोपा आणि कॉमस्टॉक लोडच्या सोन्या-चांदीच्या शिरा ज्वालामुखी खडकांत आहेत, त्यामुळे पाणीही शिलारसातूनच आलं असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. ह्यू टेलर यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शिरांच्या आसपासच्या खडकांचा ऑक्सिजन मोजला. त्या खडकांतला ऑक्सिजन-१८ अपेक्षेपेक्षा खूपच घटलेला होता, आणि इतकी घट फक्त पावसा-बर्फाचं पाणी प्रचंड प्रमाणात खडकातून फिरल्यानेच होऊ शकते. जमिनीत मुरलेलं पाणी खाली शिलारसाच्या उष्णतेने तापून वर येत होतं. शिलारसाने मुख्यतः चुलीचं काम केलं. चांदी मात्र पावसातून आली नाही, हे उघड आहे. ती खडकांतून धुऊन निघाली की शिलारसातून थोडंसंच पाणी येऊन तिला घेऊन आलं, हा वाद ऑक्सिजनने मिटत नाही.

तापमान कशावरून काढतात?

गारेत अडकलेल्या सूक्ष्म द्रवबिंदूंना सूक्ष्मदर्शकाखाली तापवून, किंवा एकत्र वाढलेल्या दोन खनिजांतल्या समस्थानिकांच्या फरकावरून. स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड) आणि गॅलेना (शिशाचं सल्फाइड) शेजारी वाढले असतील आणि त्यांच्या गंधकात हजारात दोनचा फरक असेल तर तापमान सुमारे ३३० अंश निघतं. फरक जितका कमी तितकं तापमान जास्त. अट एकच: दोन्ही खनिजं खरोखर एकाच वेळी, एकाच पाण्यातून वाढलेली हवीत. शिरेत बऱ्याचदा तसं नसतं.

गंधकावरून काय कळतं?

प्रावरणातून आलेल्या गंधकाचा डेल्टा शून्याच्या आसपास असतो. आजच्या समुद्रातल्या सल्फेटचा सुमारे +२१. सल्फेटवर जगणारे जिवाणू हलकं गंधक पसंत करतात, त्यामुळे त्यांनी तयार केलेलं सल्फाइड फार हलकं, उणे तीस-चाळीसपर्यंतही जातं. म्हणजे एखाद्या शिरेतलं पायराइट −२५ निघालं तर ते गंधक कधीतरी गाळात, जिवाणूंच्या हातून गेलं असण्याची शक्यता मोठी.

शून्य आकडा मात्र फसवा आहे. तो शिलारसातून थेट येऊ शकतो, जुन्या ज्वालामुखी खडकांतलं गंधक विरघळून येऊ शकतो, किंवा दोन वेगळ्या गंधकांची सरासरीही असू शकतो. उलट, पाण्यात ऑक्सिडीकरण वाढलं तर शिलारसाचं गंधकसुद्धा ऋण पायराइट देतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात काल्गुर्लीच्या गोल्डन माइल या सोन्याच्या साठ्यातलं पायराइट असंच ऋण आहे, आणि ते जिवाणूंमुळे नव्हे, तर पाणी ऑक्सिडीकृत असल्यामुळे, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

अतिप्राचीन शिरांसाठी गंधकाची काही वेगळी खूण आहे का?

आहे, आणि या सगळ्या शास्त्रातली ती मला सर्वांत विलक्षण वाटते.

गंधकाचे चार स्थिर समस्थानिक आहेत: ३२, ३३, ३४, ३६. नेहमीच्या क्रियांत फरक वजनाच्या प्रमाणात पडतो, त्यामुळे ३४ माहीत असला की ३३ चा अंदाज करता येतो. २००० साली जेम्स फार्कर, हुइमिंग बाओ आणि मार्क थिमेन्स यांनी दाखवलं की साधारण २.४ अब्ज वर्षांहून जुन्या खडकांत हा हिशेब जुळत नाही. तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता, म्हणून ओझोनचा थरही नव्हता. सूर्याचे अतिनील किरण खालपर्यंत येत, ज्वालामुखींनी सोडलेल्या सल्फर डाय-ऑक्साइडचे रेणू फोडत, आणि त्या क्रियेत गंधक-३३ चं प्रमाण वजनाचा नियम सोडून बदलत असे. ते गंधक पावसासोबत खाली येऊन गाळात गाडलं गेलं.

ही विसंगती पुढे सहजासहजी पुसली जात नाही. तापमान, ऑक्सिडीकरण, उकळणं यांनी ३४ चा आकडा हवा तसा हलतो, पण ३३ ची विसंगती केवळ दुसऱ्या गंधकात मिसळून पातळ होते. म्हणून तितक्या जुन्या शिरेच्या पायराइटमध्ये ती सापडली तर ते गंधक कधीकाळी हवेतून पृथ्वीवर उतरून गाळात बसलं होतं, हे जवळपास निश्चित. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या प्राचीन निकेलच्या साठ्यांत ती सापडली आणि लाव्ह्याने वाटेतल्या गाळाच्या खडकांतून गंधक गिळलं होतं, हे स्पष्ट झालं. धारवाडच्या, म्हणजे कोलार-गदगसारख्या कर्नाटकातल्या प्राचीन खडकांमधल्या, सोन्याच्या शिरा याच वयोगटातल्या असल्यामुळे त्यांनाही हा प्रश्न विचारता येतो.

शिशाला एवढं महत्त्व का?

गॅलेनात शिसं भरपूर आणि युरेनियम जवळजवळ नाही. शिशाचे २०६, २०७ आणि २०८ हे समस्थानिक अनुक्रमे युरेनियम-२३८, युरेनियम-२३५ आणि थोरियम-२३२ पासून वाढत राहतात, तर २०४ तेवढाच राहतो. गॅलेना तयार झालं की ही वाढ थांबते आणि त्या क्षणापर्यंतचं प्रमाण कायमचं गोठतं. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कांमधल्या शिशावरून पृथ्वीचं वय सुमारे ४.५५ अब्ज वर्षं काढलं, त्यामागचं तत्त्व हेच.

त्याआधी, १९३८ मध्ये, आल्फ्रेड नीअर यांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या शिशाचे समस्थानिक मोजले आणि अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या जॉप्लिनचं शिसं सर्वांपेक्षा निराळं निघालं. त्यात युरेनियमपासून आलेलं शिसं इतकं जास्त आहे की नेहमीच्या गणिताने त्याचं वय ऋण येतं, म्हणजे ते भविष्यात तयार होणार! यातून कळलं की ते शिसं सरासरी कवचातलं नाही. खोऱ्यांतलं खारट पाणी जुन्या, युरेनियमयुक्त खडकांतून आणि त्यांच्यापासून झालेल्या वाळूच्या दगडांतून दूरवर वाहत गेलं आणि तिथे साठलेलं शिसं धुऊन घेऊन आलं. वय चुकलं, पण त्या चुकीनेच वाट दाखवली.

आपल्याकडे राजस्थानच्या अरवलीतल्या शिसे-जस्ताच्या साठ्यांवर असं काम १९८० च्या दशकात झालं. रामपुरा-आगुचा आणि राजपुरा-दरीबा इथलं शिसं सुमारे १.८ अब्ज वर्षांचं, तर अंबाजी-देरीचं सुमारे एक अब्ज वर्षांचं निघालं. हे साठे शिरांचे नसून खडकांच्या थरांना धरून असलेले आहेत, पण एकाच पर्वतरांगेत धातू दोन अगदी वेगळ्या काळांत आला, हे इतक्या स्पष्टपणे शिशानेच सांगितलं.

शिरेचं वय आणि धातूचा उगम ही एकच गोष्ट का?

नाही. वय वेगळं मोजतात: मॉलिब्डेनाइटमधल्या रेनियम-ऑस्मियमवरून, किंवा शिरेत वाढलेल्या मोनाझाइटमधल्या युरेनियम-शिशावरून. कर्नाटकातल्या गदगच्या सोन्याचं वय अशा मोनाझाइट आणि झेनोटाइम या खनिजांवरून सुमारे २.५२ अब्ज वर्षं ठरलं आहे. वय कळलं की त्या काळी जवळपास कोणता ग्रॅनाइट तयार होत होता, कोणते खडक तापत होते हे तपासता येतं आणि काही पर्याय आपोआप बाद होतात.

मग कोलारचं सोनं आलं कुठून?

१९८९ मध्ये भारतीय आणि अमेरिकी संशोधकांच्या एका गटाने शिसे, निओडिमियम आणि झिरकॉनच्या वयांवरून दाखवलं की कोलारच्या पट्ट्याच्या पूर्वेचे आणि पश्चिमेचे नाइस (पट्टेदार रूपांतरित) खडक मुळात वेगवेगळ्या भूखंडांचे आहेत. पट्ट्यातले पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे अँफिबोलाइट, म्हणजे रूपांतरित लाव्हाचे खडक, सुद्धा प्रावरणाच्या वेगवेगळ्या भागांतून आलेले. २.५३ ते २.४२ अब्ज वर्षांपूर्वी हे तुकडे आडव्या दाबाने एकमेकांवर येऊन जुळले. म्हणजे कोलार हा दोन भूखंडांचा सांधा आहे. असे सांधे खोलवर जातात आणि खालचं पाणी वर यायला वाट देतात. सोनं तिथेच का, याचं निम्मं उत्तर यात आहे.

उरलेलं निम्मं, म्हणजे ते पाणी कोणाचं, यावर जगभरच्या अशा शिरांसाठी दोन मतं आहेत. एक म्हणतं, खडक ५०० अंशांच्या आसपास तापले की त्यांच्यातलं पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड आणि गंधक सुटतं आणि सोनं सोबत घेऊन निघतं. दुसरं म्हणतं, ते खोलवरच्या शिलारसातून आलं. ऑक्सिजन आणि कार्बनचे आकडे दोन्ही पक्षांना साजेसे निघतात, कारण दोन्ही प्रकारचं पाणी लांबचा प्रवास करताना वाटेतल्या खडकांच्या समस्थानिकांशी जुळवून घेतं. माझा कल पहिल्या मताकडे आहे: या शिरांतलं पाणी क्षारांनी कमी आणि कार्बन डाय-ऑक्साइडने भरलेलं असतं, आणि शिरा रूपांतरणाच्या सुमारास, सांध्यांच्या बाजूने तयार झालेल्या असतात. पण हा कल सगळे पुरावे एकत्र ठेवून बनतो. एकटा कोणताही समस्थानिक तो देत नाही.

तांबं, लोह, जस्त यांचे स्वतःचे समस्थानिक आहेत ना?

आहेत, आणि १९९० च्या दशकाअखेरपासून नव्या मास स्पेक्ट्रोमीटरमुळे (अणू वजनानुसार वेगळे मोजणाऱ्या यंत्रामुळे) ते अचूक मोजता येतात. तांब्याचे ६३ आणि ६५ हे दोन आहेत. पण वरच्या थरात पाण्या-हवेने साठा कुजताना त्यांचं प्रमाण इतकं बदलतं की मूळ उगमापेक्षा नंतर काय घडलं, हेच त्यातून चांगलं कळतं.

नमुना किती लागतो, आणि चूक कुठे होते?

काही मिलिग्रॅम पुरतात. गारेतला ऑक्सिजन फ्लोरिनयुक्त अभिकर्मकाने मोकळा करतात, सल्फाइडचं गंधक वायूत बदलतात, गॅलेना आम्लात विरघळवतात. आयन-शलाकेची यंत्रं तर स्फटिकावरच्या दहा-वीस मायक्रोमीटरच्या ठिपक्याचंही मोजमाप करतात. देशात हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी अनुसंधान संस्था, अहमदाबादची भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळा आणि दिल्लीचं इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटर इथे समस्थानिकांचं काम चालतं.

चूक यंत्रात क्वचित होते; ती खाणीच्या भिंतीसमोर होते. एका शिरेत गारेच्या तीन-चार पिढ्या असतात आणि सोनं कदाचित एकाच पिढीसोबत आलेलं असतं. सगळी शीर एकत्र कुटून मोजली तर कोणत्याच पिढीचा नसलेला सरासरी आकडा हाती येतो. कोण कोणाला छेदून गेलं, कोणतं खनिज आधी आणि कोणतं नंतर, हे हातभिंगाने आणि पातळ छेदांवर नीट पाहिलेलं नसेल तर पुढचं महागडं मोजमाप वाया जातं.

याने नवं सोनं सापडतं का?

थेट नाही. पण खर्चाची भोकं कुठे मारू नयेत, हे कळतं. गरम पाणी फिरलेल्या खडकांत ऑक्सिजनचा बदल शिरेपेक्षा कितीतरी रुंद पसरलेला असतो, त्यामुळे शीर न दिसताही तिची दिशा कळू शकते.

महाराष्ट्रात याला वाव आहे का?

विदर्भात आहे. नागपूर जिल्ह्यात खोबणा परिसरात टंगस्टन आहे, चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना इथे गारेच्या शिरांत तांबं आहे. दोन्हीकडे ऑक्सिजन-गंधकाचे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीजचं मात्र वर सांगितलेलं दुखणं आहे: मँगनीज एकटाच, म्हणून सोबतच्या कार्बोनेटमधला कार्बन आणि ऑक्सिजन पाहावा लागतो.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये धातूच्या शिरा नाहीत, पण जळगाव, नाशिक, पुणे भागातल्या पोकळ्यांमधली झिओलाइट, कॅल्साइट आणि ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत आहेत. तीही पाण्यानेच आणून ठेवली आणि त्यांनाही हीच पद्धत लागू पडते. लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ॲपोफिलाइटची वयं त्याहून कोट्यवधी वर्षांनी अलीकडची निघाली आहेत.

जुन्या धातूच्या वस्तू कोणत्या खाणीतल्या, हेही कळतं का?

शिशावरून, हो. दगड वितळवला तरी शिशाचं समस्थानिक-प्रमाण व्यवहारात बदलत नाही, त्यामुळे मूर्तीतल्या किंवा नाण्यातल्या शिशाची खाणीतल्या गॅलेनाशी तुलना करता येते. दक्षिण भारतातल्या कांस्यमूर्तींवर शारदा श्रीनिवासन यांनी असं काम केलं आहे, आणि सातवाहनांची शिशाची नाणीही या तपासणीला योग्य आहेत. दोन मर्यादा आहेत: दोन खाणींचं प्रमाण सारखं असू शकतं, आणि जुनी मोडतोड एकत्र वितळवून नवी वस्तू ओतली असेल तर मोजलेला आकडा मिश्रणाचा असतो. त्यामुळे ‘हे शिसं या खाणीचं नाही’ हे खात्रीने सांगता येतं. ‘याच खाणीचं आहे’ म्हणायला इतर पुरावा जोडावा लागतो.